रुमालाखालचा भाव

“भाव काय लागला?”

“चहा लई झ्याक व्हता.”

मी विचारलं वांग्याचं, आणि आमचे मालक सांगतात चहाचं. रिकाम्या पाट्या भिंतीला टेकवल्या, टोपी खुंटीला अडकवली आणि बाजेवर असे बसले, जसे काही मामलेदारच दौऱ्यावरून आले.

“हिंदुरावआबानं आडतीत गादीवर बशीवलं,” ते म्हणाले. “शेजारी. समद्यांच्या म्होरं म्हनला, या बागाईतदार.”

“बागाईतदार! बरं. आन् भाव?”

“तीन.”

दहा किलोला तीन रुपये.

“मागल्या बाजारी तीन, त्याच्या आदल्या बाजारी तीन,” मी म्हटलं. “समद्या जगाचं वांगं वर जातंय, खाली येतंय. आपलंच कसं खुंटीला बांधलंय?”

“आवक लई हाय,” मालक म्हणाले आणि भिंतीकडं तोंड करून झोपले.

आमची बाग म्हणजे ओढ्याकाठचा एवढासा तुकडा. त्यात धोंडे इतके, की एक उचलला की खालून दोन वर यायचे आणि विचारायचे, आमच्या भावाला कुठं नेलंस? मी आणि मालकांनी मिळून तो तुकडा साफ केला. विहीर नव्हती. ओढ्यातनं घागरी वाहून वाहून मी पाणी घातलं. माझ्या घागरींनी ओढा वीतभर खाली गेला, खालच्या गावची माणसं भांडायला आली होती. आणि वांगी लागली! काटेरी, जांभळी, हिरव्या रेघांची. रात्री वाढताना त्यांचा करकर आवाज यायचा, कुत्री भुंकायची. एका वांग्यात घरदार जेवून भरीत शेजारी जायचं.

आता यात थोडं मी वाढवलंय. माझी जीभच तशी आहे, सगळ्या गावाला ठाऊक. पण तीन रुपये वाढवलेले नाहीत. तीन म्हणजे तीनच.

आणि त्या तिनानं माझा जीव टांगणीला लागला होता. कारण आमच्याकडं दसरा झाला की उसाच्या तोडीला जायचं. मुकादम यायचा, आगाऊ उचल द्यायचा, ट्रकात भरून कारखान्याच्या फडावर न्यायचा. नवरा-बायको मिळून एक कोयता म्हणतात. माणसं नाहीत, कोयता! आदल्या साली आमची शेवंता बरोबर आली. आठ वर्षांची पोर. शाळा सुटली, आणि फडावर उसाच्या वाढ्याचे भारे तिच्या डोक्यावर. पाचटानं तिची कानशिलं चिरली होती. मुकादम तिच्याकडं बघून म्हणाला, “दोन सालांत हिला बी अर्धा कोयता धरू.”

त्या दिवशी मी ठरवलं, पुढच्या साली ट्रकात पाय ठेवायचा नाही. वांग्यावर वर्षाची ज्वारी निघाली की झालं. पाचाचा भाव लागला असता तर निघत होती. तिनानं निघत नव्हती. आणि मुकादम दसऱ्याआधी उचल घेऊन दारात येणार होता.

तेवढ्यात शेवंताच्या पायात काटा पिकला. ऐन बाजाराच्या दिवशी तिला घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात गेले. काटा काढला, पट्टी बांधली, आणि येताना बाजाराच्या रस्त्यानं आले. रस्त्याच्या कडेला बायका पोती अंथरून भाजी विकत बसलेल्या. त्यात एकीच्या पुढ्यात माझी वांगी!

माझी वांगी मी ओळखणार नाही? एकेकाला पाणी पाजलेलं.

विकणारी होती हुसेनबी बागवान. तेव्हा मी तिला ओळखत नव्हते. खाली बसले, एक वांगं उचललं.

“कशी दिली गं?”

“किलोला रुपाया.”

“रुपाया? सोन्याची हाईत का काय?”

“माल बगा की बाई,” ती म्हणाली. “किडकं निघालं तर माज्या तोंडावर आनून मारा.”

“किडकं कसं निघंल,” मी म्हटलं, “पर लई म्हाग सांगतीस.”

“आवो, माज्या मालकाला पाचानं पडलंय. आबाच्या आडतीत पाच दाबून आनलंय त्येनी. मी काय घरात घालू?”

पाच! माझे कान गरम झाले. पावशेर घेतली. माझीच वांगी, पैसे मोजून. घरी आले, कूट घालून झणझणीत केली, आणि मालकांना वाढली.

“चव हाय,” मालक म्हणाले. “आपलीच न्हवं?”

“आपलीच. बाजारातनं इकत आनली. पाच रुपयेवाली.”

त्यांचा घास घशात अडकला. पाणी प्यायले, ठसका लागला. मला वाटलं, देठ अडकला असेल.

पुढच्या बाजारी मी पहाटेच पाट्या भरल्या आणि म्हटलं, “आज मी बी येनार.”

“तिथं बायका जात न्हाईत.”

“वांग्याच्या झाडाला ठावं न्हाई ते. त्ये बाईच्या हातचं बी पानी पितं.”

आता तिथं बायका का जात नाहीत, ते सांगते. त्या बाजारात तोंडानं भाव बोलत नसत. अडत्या आपल्या हातावर रुमाल टाकायचा. घेणारा रुमालाखाली हात घालायचा. एक बोट धरलं की एक रुपया, अर्धं बोट म्हणजे आठ आणे, सगळा पंजा धरला की पाच. वरून दोघं आढ्याकडं बघत असायचे, जसं काही पाऊसपाण्याचं चाललंय. मग दुसरा हात घालायचा, मग तिसरा. कुणी किती दाबलं ते फक्त अडत्याला ठाऊक. शेवटी तो शेतकऱ्याला सांगायचा, एवढा भाव लागला. ज्याचा माल, त्याचा हात त्या रुमालात कधी नाही. आणि बाईनं तर परक्या गड्याच्या हातात हात द्यायचा म्हणजे बुडालंच सगळं! म्हणून बाया रस्त्यावर आणि गडी शेडात.

आम्ही पोचलो तेव्हा आमचा अडत्या हिंदुरावआबा गादीवर होता. हा एवढा देह, पांढरं धोतर, मनगटावर पिवळ्या काठाचा रुमाल.

“या बागाईतदार!” तो म्हणाला. “आज वैनी बी? आरं, चहा सांगा दोन.”

“चहा नगं,” मी म्हटलं. “सौदा हू द्या.”

मालक गादीवर बसले. मी पाट्यांजवळ उभी राहिले. आबानं रुमाल टाकला. पहिला आला इस्माईलभाई बागवान, हुसेनबीचा नवरा. सरळ माणूस. वांगं दाबून बघितलं, देठ बघितला, मान हलवली आणि रुमालाकडं हात नेला.

“थांबा,” मी म्हटलं. “आबा, तुमचा हात काडा. माज्या मालाचा हात आज मी घालनार.”

सगळं शेड हसलं. पोती उचलणारे हमाल पोती टाकून हसले.

“निवृत्ती, वैनीला आवर,” आबा म्हणाला.

मालक गादीवरनं उठून आले, माझ्या पदराला हिसका दिला. “हौसा, घरी चल. शोभा नगं.”

“मग तोंडानं बोला,” मी आबाला म्हटलं. “जेवताना ताटावर रुमाल टाकता का तुमी?”

“रिवाज हाय ह्यो. आज्ज्यापंज्यापासनं.”

“आज्ज्यापंज्यानं लावली का ही वांगी? ही म्या लावल्यात.”

आणि मी त्याच्या मनगटावरचा रुमाल ओढला, माझ्या हातावर टाकला, आणि हात पुढं केला. माझ्या बोटांत वांग्याचे काटे रुतलेले होते. वर रुमाल होता म्हणून दिसले नाहीत, एवढाच त्या रुमालाचा मला उपयोग.

इस्माईलभाईनं चुलीतनं काढावा तसा हात मागं घेतला. “तोबा, भाभी. असं नका करू. भन मानतो मी तुमाला.” आणि दोन पावलं मागं सरला.

कुणी पुढं येईना. मला वाटलं, झालं, वांगी अशीच सुकणार.

तेवढ्यात दिगंबर नावाचा एक पोरगेला व्यापारी पुढं आला. केसाला तेल थापलेलं, गळ्यात रेशमी मफलर. “आमी धरतो की,” तो म्हणाला. “आमाला कसली भीती?” त्याच्या मागचे दोघं-तिघं फिसफिसले.

त्यानं रुमालाखाली हात घातला. माझी चार बोटं धरली.

“ऐका हो!” मी ओरडले. माझा आवाज तुम्ही ऐकलेला नाही. ओढ्याच्या या काठावरनं हाक मारली की तिसऱ्या गावची गुरं परत फिरायची. “ह्यानं चार बोटं धरली! म्हंजी चार रुपये! चार बोल्ला ह्यो!”

“आगं बाई, आसं बोलायचं नसतंय!” आबा गादीवरनं अर्धा उठला.

पण दिगंबरानं हात सोडला नव्हता. त्याला वाटलं, बाई घाबरून ओरडतेय. हसत हसत त्यानं अंगठा फिरवला.

“आन् आता ह्यो माजा तळहात खाजवतुया!” मी आणखी मोठ्यानं म्हटलं. “आबा, ह्यो कितीचा भाव? तुमच्या रिवाजात ह्याला किती रुपये म्हंत्यात?”

दिगंबरानं हात असा खेचला, की रुमाल त्याच्याच तोंडावर उडाला. हमाल तर लोळायचे बाकी राहिले. माझा आवाज ऐकून रस्त्यावरच्या बाया शेडाच्या तोंडाशी येऊन उभ्या राहिल्या. सगळ्यात पुढं हुसेनबी, हातात तागडी तशीच.

“भावाबरोबर काय काय चालतंय तुमच्या रुमालाखाली,” ती म्हणाली, “बगून घ्या गं बायांनो!”

दिगंबर निघून गेला. आणि मग इस्माईलभाई जमिनीकडं बघत, पण स्वच्छ आवाजात बोलला, “साडेचार.”

त्या शेडात तोंडानं बोललेला तो पहिला भाव. बोलून त्याचं त्यालाच नवल वाटलं असावं. मागनं कुणीतरी म्हणालं, “पाच.” इस्माईलभाई म्हणाला, “सव्वापाच.” मग एक कोपऱ्यातला म्हातारा, ज्यानं जन्मात कधी पहिल्या तिघांत हात घातला नव्हता, तो म्हणाला, “सा.”

सहा रुपये. कानानं ऐकलेले.

“दिली,” मी म्हटलं. “आता आबा, एक सांगा. आज सा, तर मागल्या बाजारी तीन कसं?”

“मागल्या बाजारी तीनच लागला व्हता. देवाशपथ.”

“माल कुनी घेतला व्हता?”

इस्माईलभाई बूट बघत राहिला. त्याला रोज त्या आडतीत यायचं होतं, त्याचा मला राग नाही. पण हुसेनबीला कुठल्या आडतीत यायचं होतं?

“आमी घेतला की!” ती तिथनंच म्हणाली. “पाचानं! आगं, मागल्या खेपंला तूच न्हवं का ती, पावशेर घेऊन घासाघीस करनारी?”

आता शेतकरी गोळा झाले. कुणी म्हणे माझ्या दोडक्याचं काय, कुणी म्हणे माझ्या गवारीचं काय. आबाचं तोंड लाल झालं. माणूस कोपऱ्यात सापडला की दुसऱ्याला पुढं ढकलतो.

“मला चोर म्हंतीस?” तो ओरडला. “म्या एकट्यानं खाल्लं? तुज्या दाल्ल्याला इचार! दर बाजारी पानतंबाकूला म्हनून हातावर कोन ठेवून घेतंय? इचार की! त्यो गप कशापायी बसतुया, इचार!”

सगळ्या शेडानं माना वळवल्या.

मालक पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होते. मला तो ठसका आठवला. देठ नव्हता अडकला.

काय सांगू, माझ्या अंगात काय पेटलं! वाटलं, वांग्याची पाटी उचलावी आणि त्यांच्या टोपीवर उलटी करावी. मी घागरी वाहायच्या, काटे माझ्या बोटांत, पोरीच्या कानशिलावर पाचटाचे ओरखडे, आणि हा माणूस माझ्याच वांग्याचे पैसे माझ्याच पाठीमागं खातो? तेही किती, तर विड्याकाडीपुरते! चोरायचं तर धड चोरावं तरी!

पण मी आबाकडं बघितलं. त्याच्या मिशीखाली हसू फुटत होतं. त्याला कळलं होतं, आता नवरा-बायको भांडतील, बाजार तमाशा बघेल, आणि पाच-तीनाचं सगळे विसरतील. उद्या परत रुमाल.

मग माझ्या जिभेनं तिचं काम केलं.

“त्यास्नी कशाला इचारू?” मी म्हटलं. “म्याच सांगितलं व्हतं त्यास्नी घ्यायला.”

आबाचं हसू तिथंच थांबलं.

“दर बाजारी तुमी जे द्यायचा, त्ये आनून माज्या हातावर ठेवत्यात,” मी म्हटलं. “गाडग्यात भरून ठेवलंया. आमाला बगायचं व्हतं, चोर किती खातोय आन् किती वाटतोय. ह्ये आपलं भोळं तोंड करून तुमचा चहा प्यायचं, आन् ध्यान समदं तुमच्या हातावर. आज गाडगं घिऊन येनार व्हतो, पर जड झालंय, उचलंना. आता नगंच. तुमी सोताच चारचौघांत कबूल झाला की आबा, दिलं म्हनून!”

गाडगं कुठलं आणि काय कुठलं! घरात एकच गाडगं होतं, त्यात मीठ होतं.

मग कोपऱ्यातला म्हातारा म्हणाला, “वा रं निवृत्ती! आरं, मुका मुका म्हनत व्हतो तुला!” कुणीतरी त्यांच्या पाठीवर थाप मारली. कुणी तंबाखू पुढं केली. शेतकऱ्यांनी आबाला घेरलं. आणि मी बघत होते, आमच्या मालकांची मान हळूहळू वर यायला लागली. थाप माझी, आणि मान ताठ त्यांची!

ओढ्यापर्यंत मी पुढं पुढं चालत आले. ओढ्यावर पाट्या खाली ठेवल्या.

“का केलंत?”

“हौसा, तसं न्हवं गं. बाजारात समदी एकमेकाला चहा पाजत्यात. माज्या खिशात कायम वारा. मानसाला वाटतं, कवातरी आपुन बी दोघास्नी पाजावा.”

“मग मागायचं माज्याकडं.”

“बायकूकडं? लाज वाटती.”

“बायकूकडं मागायची लाज वाटती, आन् बायकूचं चोरायची न्हाई वाटली? पोरीला कोयता धरायला लावत व्हता तुमी, दुसऱ्याला चहा पाजायला!”

ते पाण्यात तोंड धूत राहिले. बराच वेळ धुतलं. रडत होते का काय, मी बघितलं नाही. त्या दिवशी बघायची इच्छा नव्हती.

“आजपास्नं तोडायचं तुमी, इकायचं मी,” मी म्हटलं. “चहाला पैसं मी दीन. रोज दीन. पर मागायचं.”

“बरं,” ते म्हणाले.

दसऱ्याआधी मुकादम दारात आला. मी चुलीपुढनं उठून सांगणार, “आवंदा आमचा कोयता न्हाई,” तेवढ्यात मालकच उंबऱ्यात जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, “आवंदा न्हाई येत. मी ठरीवलंय.”

मी! ऐकलंत? मी ठरीवलंय!

पण ट्रक आमच्या दारावरनं रिकामाच गेला, आणि शेवंता सकाळी पाटी-दप्तर घेऊन शाळेत गेली. त्या दिवशी मला त्यापुढं काही नको होतं. नंतर दोडका केला, गवार केली, विहीर खणली. शेवंता नर्स झाली, आता तिचीही पोरं नोकरीला लागली. त्या शेडात परत कुणी रुमाल टाकला नाही. बायका आत येऊन भाव बोलायला लागल्या.

आणि गोष्ट? गोष्ट गावोगाव गेली. निवृत्तीनं अडत्याला कसं पकडलं! वरीसभर गप राहून कसं पकडलं! गाडग्याचा हंडा झाला, हंड्याचा रांजण झाला. माझीच थाप, लोक मलाच येऊन सांगायचे. मी मालकांकडं बघायची, ते चंची उघडून सुपारी शोधायचे.

नवं शेड झालं तेव्हा बाजारवाल्यांनी मोठा कार्यक्रम केला. मांडव, माईक, हार. जुन्या लढवय्या शेतकऱ्याचा सत्कार, म्हणून आमच्या मालकांना खुर्चीवर बसवलं, शाल पांघरली, नारळ दिला. मी बायकांच्या रांगेत, हुसेनबीच्या शेजारी. मला वाटलं, आता बोलतील. म्हातारपण आलंय, दात गेलेत, आता कुणाची लाज? बोलतील.

ते माईकपुढं उभे राहिले. घसा खाकरला. म्हणाले, “त्या येळी माज्या बायकूनं मला चांगली साथ दिली.”

टाळ्या. हुसेनबीनं मला कोपरानं ढोसलं. “नशीब काडलंस गं.”

साथ!

मी उठले. तिथंच, रांगेतनं. “थांबा,” म्हटलं, “थोडं ऱ्हायलंय.” आणि सगळं सांगितलं. चहा सांगितला, पानतंबाखूचे पैसे सांगितले, ठसका सांगितला. गाडग्यात मीठ होतं तेही सांगितलं. एक अक्षर वाढवलं नाही. उभ्या जन्मात एवढं कोरडं मी कधी बोलले नव्हते.

आणि मांडव हसायला लागला. आधी पुढची रांग, मग मागची. कुणी डोळे पुसतंय, कुणी मांडीवर थापा मारतंय. हुसेनबी तर माझ्याच खांद्यावर पडून हसत होती. अध्यक्ष उठून म्हणाले, “हौसाकाकूंच्या थापा आपण नुसत्या ऐकून होतो, आज प्रत्यक्ष ऐकायला मिळाली! टाळ्या होऊ द्या!”

मालकही हसले. मग माझ्याकडं बघितलं, अगदी क्षणभर, आणि माईकवर म्हणाले, “ती तशीच हाय.”

ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. शाल ट्रंकेत आहे. पाहुणे आले की नातवंडं ती काढून दाखवतात, आजोबांची गोष्ट सांगतात, आणि मी काही बोलायला गेले की म्हणतात, आजी, तू नको, तू वाढवून सांगतेस. लोकरीचा माल, कसर लागते. म्हणून उन्हाळ्यात उन्हात घालावी लागते, झटकावी लागते, नव्या डांबरगोळ्या टाकाव्या लागतात.

टाकतं कोण? मीच. साथ देते.